पिठात कालवलेली पावडर

पेठच्या अलीकडच्या राखीव जंगलातली रोपवाटिका नवसाबाईनं बावीस वर्षं सांभाळली, आणि तिथल्या दोन वारुळांतल्या मुंग्यांना दर सोमवारी चिमूटभर पीठ घातलं. या सोमवारी पिठात विषारी पावडर कालवलेली होती.

हुकूम पल्लवी मॅडमचा. पंचवटीहून मोटारसायकलवर येणारी ही नवी वनपाल. वाफ्यातलं बी मुंग्या पळवतात, उद्या वरिष्ठ तपासणीला येणार, संध्याकाळपर्यंत दोन्ही वारुळं साफ करा. नाहीतर हजेरीपटावरून नाव कमी. नवसाबाईनं पावडरीचा डबा उचलला. घरात कमावणारी ती एकटी.

सकाळी पहिल्या वारुळाशी तिनं चिमूट सोडली. मुंग्या लगबगीनं बाहेर आल्या. ओळखीचा हात ना! कण कण उचलून आत घेऊन गेल्या. दुपारपर्यंत वारुळाच्या तोंडाशी मेलेल्या मुंग्यांचा खच पडला. नवसाबाईला स्वतःचीच शिसारी आली.

दुसऱ्या वारुळाशी तिचा हात काही उठेना. ऊन उतरायला लागलं आणि मोटारसायकल वाजली.

"झालं का?" मॅडमनी अर्धा रिकामा डबा उचलून पाहिला.

"एक झालं. दुसरं व्हनार नाय." नवसाबाईनं दुसऱ्या वारुळाकडं बोट केलं. "आधी हितं खाली बसा."

वारुळाच्या कडेला मुंग्यांनी टाकलेला कचरा होता आणि त्यात झुडपांची रोपं दाट उगवली होती.

"बियाच्या बुडाला तेलकट गर असतो. त्या तेवढाच खात्यात, बी हितं टाकून देत्यात. हितली माती बघा कशी भुसभुशीत हाय! वरच्या डोंगरात एवढी झुडपं लावाया कोन गेलं व्हतं, तुमी का मी?"

मॅडमनी एक रोप उपटलं. मूळ चांगलं लांब होतं. त्यांचा चेहरा मात्र हलला नाही.

"एवढं ठाऊक होतं, तर सकाळी पावडर का टाकलीत, मावशी?"

"तुमचं भ्या वाटलं."

मॅडमनी रोप परत मातीत खोचलं. "आणि मला वरच्यांचं. हे सगळं मी शिकलेय. परीक्षेत लिहिलंय."

नवसाबाईचा पारा चढला. येवढं शिकून माझ्या हातून मारवलंस होय, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"मंग उद्या त्यास्नी बी हितं खाली बसवा," ती म्हणाली. "अन् समदं तुमीच सांगा."

मॅडमनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"सांगते. नाव कमी झालंच, तर आधी माझं होईल."