सुट्टीत येणारे जेलीफिश

पायऱ्यांवर आडवी दोरी बांधलेली होती आणि दोरीला पाटी लटकत होती. ‘जेलीफिशचा हंगाम. सुट्टीचे दोन महिने पाण्यात उतरण्यास मनाई.’ बदकमावशीने पाटी वाचली, उलटून पाहिली, मागे कोरी निघाली म्हणून पुन्हा सुलटी केली.

“आता हे काय नवीन खूळ?” ती कुणाला उद्देशून म्हणाली ते समुद्रालाच ठाऊक.

तिला बदक हे नाव नवऱ्याने ठेवलेलं. पाण्यात गेली की बाहेर यायचं नाव घेत नाही म्हणून. तो फेरीबोटीवर इंजिनाचं काम करायचा. मुलं मोठी झाल्यावर, कातळांनी तीन बाजूंनी झाकलेल्या या उथळ कोपऱ्यात त्याने बायकोला पोहायला शिकवलं. तो गेल्यावर मावशी वर्षभर घरात भिंतीकडे तोंड करून बसली होती. मग एक दिवस शेजारची शिंपीण गुडघे धरून आली. डॉक्टरांनी पाण्यात व्यायाम करायला सांगितलाय आणि मला तर बादलीची भीती वाटते, म्हणाली. तिच्यासाठी म्हणून मावशी पुन्हा पाण्यात उतरली, ती उतरलीच. शिंपिणीच्या मागून शाळेतल्या बाई आल्या, मुली आल्या, दोघी सासवा आल्या. पण या सगळ्यांना सवड सुट्टीतच आणि समुद्रही तेव्हाच निवलेला. सुट्टीत पाणी बंद म्हणजे वर्ग बंद. आणि वर्ग बंद म्हणजे पुन्हा ती भिंत.

मावशी तशीच नगरपालिकेत गेली. तिथला साहेब वयाने तिच्या धाकट्याएवढा आणि इतका नम्र, की भांडायला कडच सापडेना.

“मावशी, हे मी नाही म्हणत, पेपर म्हणतो,” तो म्हणाला. “आपलं जुनं साप्ताहिक होतं ना, त्याचे वाचनालयातले सगळे अंक मी स्वतः चाळले. दर वर्षी सुट्टी लागली की जेलीफिश आलेच. सगळ्या बातम्यांमध्ये एकवाक्यता आहे.”

“मी इतकी वर्षं त्या पाण्यात आहे. मला कसे दिसले नाहीत? माझ्याशी त्यांचं काही वाकडं आहे का?”

“तुमचं नशीब चांगलं. पण छापील पुरावा आहे, मी तरी काय करणार?”

छापील म्हटलं की या लोकांना वेदवाक्य! मावशी फणफणत वाचनालयात गेली. तिथल्या बाईंनी बांधीव अंकांचे ठोकळे समोर आणून आपटले. धुळीने मावशी शिंकून शिंकून हैराण झाली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. समुद्र बंद केला तर हे पाणी, देवा, तुझी करणी!

बातमी सापडली. शेवटच्या पानावर, शेवटच्या रकान्यात, अगदी तळाला.

‘आपल्या किनाऱ्यावर जेलीफिशांचे पुनश्च आगमन झाले असून, ते काचेच्या वाडग्यांप्रमाणे मोहक दिसत असले, तरी स्नानार्थींनी त्यांच्या सलगीपासून चार हात दूर राहावे.’

पुढच्या वर्षीच्या सुट्टीतही हेच. त्याच्या पुढच्याही. शब्द तेच, स्वल्पविराम तेच, ‘मोहक’मधल्या ‘क’चं तुटकं शेपूटसुद्धा तेच. मावशीने ठोकळा मिटला. जेलीफिशांची सलगी! असं बोलणारा माणूस गावात एकच होता. दूध उतू गेलं तर ‘क्षीराने मर्यादा ओलांडली’ म्हणणारा. तिचा सख्खा दीर! त्या साप्ताहिकाच्या छापखान्यात त्याने जन्मभर अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले होते.

दीर अंगणात बूट पुसत बसला होता.

“भावोजी, जेलीफिशची बातमी तुमची का?”

त्याने बूट खाली ठेवला. “कुठे वाचलीत वहिनी?”

“साहेबाच्या फाइलीत लागलीय. त्यावरून पाणी बंद केलंय माझं.”

“फाइलीत?” त्याचा चेहरा असा उजळला की मावशीला बूट फेकून मारावासा वाटला. “नगरपालिकेच्या? साहेबांनी मोठ्याने वाचून दाखवली का?”

“भावोजी!”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एका वर्षी त्याने कामावर जाताना जेलीफिश खरंच पाहिले होते. त्या आठवड्यात संपादक तापाने आडवे आणि पानात तळाला भोक. याने कागदावर न लिहिता थेट खिळ्यांत जुळवून ही बातमी टाकून दिली. नंतर तो जुळवलेला मजकूर मोडवेना. सुतळीने बांधून फळीवर ठेवला. सुट्टी लागली की शाळा बंद, कोर्ट बंद, नगरपालिका पेंगलेली. बातम्यांचा दुष्काळ. तळाला भोक पडलं की फळीवरचे जेलीफिश पानात.

“म्हणजे बाकीची सगळी वर्षं थापा?”

“थापा कशा? आले असतीलही. मी बघायला गेलो नाही, इतकंच.”

“आणि मी जी रोज जात होते, मला विचारायचं नाही?”

“तुमचा समुद्र, माझं पान,” तो म्हणाला. “रिकामी जागा सोडायची का? पेपर आहे, की दात पडलेलं तोंड?”

“ते काही नाही. उद्या साहेबाला सांगा, सगळं भरताड होतं म्हणून.”

दिराने बूट पुन्हा उचलला आणि आधीच चकचकीत असलेली टाच पुसू लागला. “मी उभा जन्म दुसऱ्यांची भाषणं जुळवली, वहिनी. लोकांच्या लग्नाची निमंत्रणं, लोकांच्या दुःखाचे निरोप. संपादकांनी एक ओळ लिहू दिली नाही. एवढं एकच वाक्य माझं. त्यालाही मी भरताड म्हणू?”

मावशीला सगळ्यात वैताग आला तो याचा, की त्याचं म्हणणं तिला कळलं. भांडायला आलेल्या माणसाला असं काही कळू नये.

“तुमचं वाक्य छापलेलं आहे, ते कुठे जात नाही,” ती उठता उठता म्हणाली. “माझा वर्ग गेला तर जाईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या दारात उभा. दोघं नगरपालिकेत गेले.

“सदर मजकुराचा लेखक मी,” त्याने साहेबापुढे घसा साफ करून सांगितलं. “एका वर्षीचा खरा. नंतर जागा भरण्यासाठी तोच पुन्हा वापरला.”

साहेब गडबडला. “पण काका, छापून आलंय. मग खुलासाही छापून यायला हवा.”

“पेपर बंद पडलाय.”

“मग अडचण आहे.”

मावशीने कपाळावर हात मारला. “अहो, तुम्ही म्हणालात एकवाक्यता आहे. एकच वाक्य आहे ते, दुसरं आणणार कुठून?”

साहेब ओशाळला, पण दोरी सोडेना. उद्या कुणाला डंख झाला तर मान माझी जाईल, म्हणाला. शेवटी कुरकुरत तयार झाला, की रोज कुणी जबाबदार माणसाने पाणी पाहून पाटीवर लेखी कळवलं, तर त्या दिवसापुरती दोरी काढू. ‘लेखी’ म्हटल्याबरोबर दिराने कॉलर सरळ केली.

“ओळींची मर्यादा?” त्याने विचारलं.

मावशीने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

वर्गाच्या पहिल्या सकाळी सगळ्या बायका पोहण्याचे कपडे घालून गार वाऱ्यात पायरीवर काकडत उभ्या. दीर पाणी केव्हाच पाहून आला होता. आता खडू घेऊन तो पाटीपुढे उभा होता. ‘आज प्रातःकाळी समुद्र प्रसन्न’ इथवर आला, मग ‘प्रसन्न’ पुसून ‘सौम्य’ लिहिलं. मागे सरून पाहिलं. तेही पुसलं.

“भावोजी, आहेत की नाहीत?”

“नाहीत. पण तसं एकदम लिहिता येत नाही, वहिनी. वाक्याला बैठक लागते.”

“बैठक घाला तुम्ही, मी चालले!” मावशीने पाण्याला हात जोडले, दोरीखालून वाकली आणि सरळ आत गेली. तिच्यामागून मुली, शाळेतल्या बाई, दोघी सासवा.

“अहो, वाचून तरी जा!” दीर ओरडला.

शिंपीण तेवढी गुडघे धरत मागे राहिली होती. दातांवर दात वाजत असताना ती पाटीपुढे थांबली आणि त्याचा खडू जसजसा पुढे सरकेल तसतसं एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागली. दिराने पुढचं अक्षर आणखी गोल काढलं.

गळ्याएवढ्या पाण्यात मावशी वळली.

“जरा मोठ्याने वाच गं,” ती ओरडली, “इकडे काही ऐकू येत नाहीये!”