कापलेलं कडवं

"मौसी, गाना चोरी का है. दुबारा मत डालना."

असं गाण्यांच्या कंपनीचा मालक माझ्या आईला म्हणाला. खुर्चीत रेलून, हातातल्या मोबाइलवरची नजर न उचलता. समोर खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा म्हणाला नाही. आई उभी होती. चपला दाराबाहेर काढून. बाकी सगळे चपला-बूट घालून आत-बाहेर करत होते. तिला काढायला कुणी सांगितलं नव्हतं. तिची ती सवय आहे, आणि आमच्यासारख्यांना ती सवय कुणी लावली ते मी नव्याने सांगायची गरज नाही.

सुरतेच्या कतारगाममधलं ऑफिस. खाली हिरे घासायचा कारखाना, वर ही गाण्यांची कंपनी. लग्नाहळदीत वाजणारी अहिराणी गाणी हे लोक काढतात. खानदेशातून पोटासाठी सुरतेला आलेली आमची माणसं ती ऐकतात, नाचतात. आमच्या बमरोलीत तर दर मांडवात त्यांचंच गाणं.

आईने चोरी काय केली होती? शेजारणीच्या नातीचं बारसं होतं. आईने पाळण्याची दोरी धरून स्वतः रचलेलं गाणं म्हटलं. मी मोबाइलवर घेतलं आणि इंटरनेटवर टाकलं. दुसऱ्या दिवशी बघते तर चित्र आहे, आवाज नाही. खाली लिहिलेलं, या गाण्याचे हक्क दुसऱ्याचे आहेत. आईला दाखवलं. तिचे ओठ हलत होते, हात दोरी ओढत होता, आणि बाकी सगळं मुकं.

"मना आवाज कोठे गया वं?" आईने विचारलं.

हक्क सांगणाऱ्याचं नाव बघितलं, ते या कंपनीचं. म्हणून आम्ही कतारगामला गेलो. चाळीतल्या बायाही सोबत आल्या. दगूबाईला एकटी कशी पाठवायची, म्हणाल्या.

दगूबाई हे माझ्या आईचं नाव. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आजीने हिला दगड म्हटलं. दगडाला कोण नेतं? मरणाने दुसरीकडे बघावं म्हणून लेकराला टाकाऊ नाव द्यायचं, अशी आमच्याकडे रीत. मरण फसलं. माणसं नाही फसली. त्यांनी तिला जन्मभर टाकाऊच धरलं. सुरतेत आल्यावर तेही नाव गेलं. भरतकामाच्या मशीनवरून उतरलेल्या साडीला मागून धागे लोंबत असतात. ते कात्रीने साफ करायचं काम ती करते. कारखान्यात ती "ए मासी". घरमालकिणीसाठी "पेली मराठण", म्हणजे ती मराठी बाई. हजेरी घेतानाही तिला कुणी नावाने हाक मारत नाही.

एका जागी मात्र ती दगूबाई होती. तिच्या गाण्यात.

आमच्या विहारात पूर्वी जलसेवाले यायचे. त्यांची एक रीत होती. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव घालायचं. शेत नव्हतं, सातबारा नव्हता, पण कडव्यावर नाव होतं. बायका सहसा नाव घालत नसत. लाजत. माझ्या आईने घातलं. मी पाळण्यात होते, तेव्हा तिने हे रचलं:

नीज मनी आंडेर, नीज वं बाय,
लूमले या गावमा नीज नाय.

आंडेर म्हणजे लेक. झोप माझ्या लेकी, या गावातल्या लूमला, यंत्रमागाला, काही झोप नाही. अशी कडव्यामागून कडवी, दर कडव्यानंतर पुन्हा हीच पहिली ओळ, आणि शेवटी:

दगू म्हने, मी धागा कापसू,
तुन्हा हातमा लेखणी देसू.

दगू म्हणते, मी धागे कापीन, पण तुझ्या हातात लेखणी देईन. बोलली तसं तिने केलं. बोटांना कात्रीचे घट्टे पडले, पण मला शाळेतून काढलं नाही. मी कॉलेज केलं. आता रिंगरोडच्या कापड मार्केटात एका शेठकडे कामाला आहे. साड्यांचे फोटो काढायचे, फोटोवर दुकानाचं नाव टाकायचं, व्यापाऱ्यांना पाठवायचे. पहिल्या दिवशी मी नाव कोपऱ्यात टाकलं. शेठ केवढ्याने ओरडला. "खूणामां नहीं! खूणो तो कोई पण कापी ले. वच्चे नाख, साडी पर!" कोपरा तर कुणीही कापून टाकतो, मधोमध टाक. तेव्हापासून मी मधोमध टाकते. शेठची डिझाइन कुणी उचलली की तो मार्केट डोक्यावर घेतो. वकील, नोटिसा, आरडाओरडा. ती डिझाइन काढणारा कारागीर वेगळाच असतो, त्याचं नाव फोटोवर कुठेच नसतं. पण ते असो.

त्या बारशाच्याही आधी आईचं गाणं कंपनीत नेलं आमच्याच गल्लीतल्या एकाने. कंपनीत कीबोर्ड वाजवतो. "मावशी, तुमचा आवाज टेस्ट करू," म्हणाला. आईला काचेच्या खोलीत उभं केलं. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणं म्हटलं, नावाच्या कडव्यासकट. जाताना एक साडी दिली. घरी येऊन आईने साडी उलटून बघितली तर मागे धागे लोंबत होते. कात्री घेऊन बसली आणि कापत राहिली.

पुढे ना निरोप, ना बोलावणं. मग एका लग्नात ते गाणं वाजलं. दुसऱ्याच बाईच्या आवाजात, ढोल घालून, नाचायचं गाणं केलेलं. आई आधी हरखली. हातातलं ताट खाली ठेवून उभी राहिली. दिसेल त्या बाईला सांगू लागली, "हाई मनं गानं शे!" मग कान देऊन ऐकू लागली. शेवटच्या कडव्याची वाट बघत होती. ते आलंच नाही. ढोल वाजले आणि पुढचं गाणं लागलं.

"मनं नाव कोठे गयं?"

मोबाइलवर शोधलं. गायिकेचं नाव होतं, संगीत देणाऱ्याचं होतं, कंपनीचं तर ठसठशीत होतं. आणि गीत? गीत: पारंपरिक. कीबोर्डवाल्याला गाठून विचारलं तर म्हणाला, "ते नाव फार गावठी वाटत होतं ना. सगळी मजा जात होती." आई म्हणाली, जाऊ दे, गाणं तरी वाजतंय. आधी नाव गेलं, ते तिने सोसलं. मग बारशाचा आवाजही गेला, आणि वर चोरीचा आळ. चोर तो चोर, वर शिरजोर.

तर त्या ऑफिसात मी म्हटलं, "ये गाना मेरी माँ ने बनाया है."

तो हसला. "लिखा है कहीं?"

आईला लिहिता येत नाही. मी म्हटलं, गवाह हैं. आणि चाळीतल्या बायांना पुढे केलं. आता तो एकदम गोड झाला. मोबाइल समोर उभा धरून म्हणाला, "बोलिए बहनजी, ये गाना किसका है?"

आमच्या बाया. जिवाला जीव देणाऱ्या. एकीचं दुखलं तर सगळ्यांच्या चुली थंड. सरलामावशी सगळ्यात पुढे झाली, छाती काढून म्हणाली, "हमारा है! हम सबका है! कितने बरस से गाते हम लोग. हमारे हर बच्चे के बारसे में गाते." बाकीच्यांनी माना डोलावल्या. हो, हो, सबका है.

तो शांतपणे बाजूच्या माणसाला म्हणाला, "सांभळ्युं? बधानुं छे. लोकगीत छे. एनो कोई मालिक ना होय." सगळ्यांचं आहे, लोकगीताला मालक नसतो. मोबाइल खाली ठेवला तेव्हा मला कळलं, त्याने सगळं टिपून घेतलं होतं.

मग आईकडे वळून, समजूत घातल्यासारखा, म्हणाला, "मौसी, तुम लोगों का गाना किसी ने बनाया नहीं होता. अपने आप बनता है."

अपने आप. रस्त्याच्या कडेला गवत उगवतं तसं. दिवसभर कात्री चालवून, घरी भाकरी थापताना, एक शब्द बसेना म्हणून तवा करपवणारी माझी आई मला आठवली. ते सगळं अपने आप. राग नंतर आला. आधी शरम आली, आणि ती का आली याचाच मला जास्त राग आहे.

परतताना रिक्षात सरलामावशी रडत होती. "दगू, मी ते तुन्हाकरता बोलनू ना वं." आईने तिचा हात धरला. त्या दिवसापासून आई गात नाही. चाळीत पुढचं बारसं झालं, तिने पाळण्याची दोरी बांधून दिली आणि घरी निघून आली. कात्रीचा आवाज तेवढा घरात येतो. गाणाऱ्या बाईचं घर असं मुकं झालं की जेवण जात नाही. मला वाटायचं, सगळं संपलं. आपल्यासारख्यांनी कुठे दाद मागायची?

वकिलाकडे गेले. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "कायद्याने गाणं रचलं त्याच घडीला ते तुझ्या आईचं झालं. नोंदणी केलेली नसली तरी. पण कोर्ट विचारणार, कशावरून? आईच्या तोंडचं पूर्ण गाणं कुठे रेकॉर्ड आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "कंपनीत."

पुरावा चोराच्याच कपाटात. आणि चोराच्या मोबाइलमध्ये आमच्याच बायांचा जबाब. आमच्या एकोप्याचाच त्याने फास केला. वकीलबाई म्हणाल्या, अर्ज करू, नोटीस देऊ, पण भरवसा देत नाही. निदान खोटं बोलल्या नाहीत.

मग तो कीबोर्डवाला घरी आला. कंपनीला आईचा व्हिडिओ हवा होता. अस्सल खानदेशी मावशी. आईने कॅमेऱ्यात बघून एवढंच म्हणायचं, "हे आमचं पारंपरिक गाणं," आणि दोन ओळी गायच्या. मग कंपनी तक्रार मागे घेणार, बारशाचा आवाज सुरू होणार.

मी नको म्हटलं. आई ऐकेना. "मना आवाज तरी परत भेटी," म्हणाली. बुडत्याला काडीचा आधार. तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून गेले सोबत.

स्टुडिओत जातं मांडून ठेवलेलं. आईला नऊवारी नेसवली होती, कपाळभर कुंकू लावलं होतं. आमच्या घरात जातं नाही. आई गिरणीतून पीठ आणते. तिला जात्यापाशी बसवलं. कंपनीचा मालक समोर उभा राहून वाक्य शिकवत होता. "बोलो मौसी, ये हमारा पारंपरिक गाना है." आईने ओठ उघडले. आवाज फुटेना. पुन्हा उघडले. तेच मुके ओठ, मोबाइलवर बघितलेले. फरक एवढाच की या वेळी समोर माझी आई खरीखुरी बसली होती.

"नहीं बोलेगी," मी म्हटलं.

"तुमसे कौन पूछ रहा है? तुम कौन हो?"

"दगूबाईनी आंडेर."

त्याला कळलं नाही. मी हिंदीत सांगितलं. "इसकी बेटी. ये गाना अपने आप नहीं बना. इसने बनाया है. मैं पालने में थी, मेरे लिए बनाया. आप काट सकते हो, बना नहीं सकते."

"तो जाओ. आवाज़ बंद ही रहेगी."

"रहने दो."

दाराबाहेर आईच्या चपला होत्या. मी त्या उचलून आत आणल्या, त्या जात्यापाशी, तिच्या पायाशी ठेवल्या. म्हटलं, आई, इथेच घाल. तिने माझ्याकडे बघितलं. त्यांच्याकडे बघितलं. आणि घातल्या. त्या फरशीवरून आम्ही चपला वाजवत बाहेर आलो.

हे ऐकून कुणाला वाटेल, झालं, जिंकलो. काही जिंकलो नाही. आई कित्येक दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिचा आवाज परत येत होता, तो मी घालवला. तिच्या जागी ती खरी आहे. अर्जावर तिने अंगठा उठवला, वकीलबाईंनी नोटीस पाठवली, पलीकडून बायांचा व्हिडिओ आला. कदाचित हरूही. कंपनीचं गाणं अजून दर मांडवात वाजतंय. आई अजून गात नाही.

पण परवा दुकानात शेठचं नाव साडीवर टाकत होते आणि हात थांबला. खूणो तो कोई पण कापी ले. शेवटचं कडवं म्हणजे गाण्याचा कोपराच. आमच्या जुन्या माणसांनी भरवशाने नाव तिथे ठेवलं, कारण त्यांचे ऐकणारे शेवटपर्यंत बसायचे. कापणारे त्यांना ठाऊक नव्हते. मला ठाऊक आहेत.

घरी आले. आईने दिलेली लेखणी घेतली. तिच्यासमोर बसून, तिला विचारून, एकच शब्द बदलला. 'मनी' काढला.

नीज दगूनी आंडेर, नीज वं बाय,
लूमले या गावमा नीज नाय.

आता चाळीत दर बारशाला हेच होतं. मी म्हणते, बाया मागून म्हणतात, सरलामावशीचा आवाज सगळ्यात मोठा. कुणी विचारलं गाणं कुणाचं, तर आमचं म्हणायचं नाही, दगूबाईचं म्हणायचं, एवढं सगळ्यांना सांगून ठेवलंय. मी ते मोबाइलवर घेते आणि टाकते. ते आवाज बंद करतात. मी परत टाकते. आई दारात उभी राहून ऐकते, मग कात्रीकडे जाते.

दर कडव्यानंतर ती ओळ येते. दर कडव्यानंतर दगू येते. तिला कापायचं तर आता अख्खं गाणं कापावं लागेल.

कापा.