शकुंतला जीपपुढं चालली

नागपूरकडच्या लोधीखेड्याच्या स्टँडवर ड्रायव्हर देवीदास सोमकुवरांची बस लागली की बाया निर्धास्त चढत. सिल्लेवानीच्या घाटात या माणसानं कधी गाडीला ओरखडा येऊ दिला नव्हता. घरातही त्यांचाच शब्द चाले. त्यांची बायको शकुंतला संत्र्याच्या बगीच्यात तोडणीला जायची. बोलायची कमी. नवऱ्याला तोंडावर ‘नाही’ म्हणायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. ती आली पंच्याऐंशीच्या दिवाळीच्या सुट्टीत, आणि तीही घरापासून दूर, कोकणात.

शकुंतलाचा भाऊ अरविंद रत्नागिरीला टेलिफोन खात्यात होता. समुद्र पाहायला या म्हणून तो कधीचा मागं लागला होता. बसमालक पुंडलिकरावांनी त्या वर्षी आपली जुनी जीप देऊ केली. देवीदास, शकुंतला, आठवीतली मुलगी विजया आणि देवीदासांची आई शांताबाई असे चौघं निघाले. अरविंदकडं मुक्काम करून ते समुद्राच्या कडेकडेच्या रस्त्यानं मालवणकडं निघाले, तेव्हा सकाळचं ऊन चांगलं तापलं होतं. पाऊस संपून बरेच दिवस झाले होते.

दुपारनंतर वारा फिरला. एका गावात चहाला थांबले तर खाली किनाऱ्यावर माणसं होड्या ओढून वर घेत होती. चहावाला म्हणाला, "पाव्हणे, आज वाऱ्याचा काय नेम नाय. हितंच ऱ्हावा."

"आमी घाटात गाडी चालवणारे लोकं आहो," देवीदास म्हणाले, आणि त्यांनी जीप सुरू केली.

गाव मागं पडलं नाही तोच पाऊस आला. कधी आडवा, कधी थांबून थांबून. डावीकडं डोंगर, उजवीकडं खाली समुद्र. विजया मागून सारखी म्हणत होती, "बाबा, लाटा पाहा ना." देवीदास समोरच पाहत होते. मान जराही वळवत नव्हते. शकुंतलाला वाटलं, रस्ता अनोळखी आहे म्हणून असेल.

तेवढ्यात डाव्या अंगानं एक सायकलवाला आला. अगदी जवळ. शकुंतला ओरडली तेव्हा कुठं देवीदासांनी चाक फिरवलं. सायकलवाला चिखलात पडला. उठला, कपडे झटकले, काहीबाही बोलला आणि निघून गेला.

"एकाएकी कुठून आला तो?" देवीदास म्हणाले.

तो एकाएकी आला नव्हता. शकुंतला त्याला लांबून पाहत होती. गेल्या काही महिन्यांतल्या गोष्टी तिला आठवायला लागल्या. चौकटीला लागलेला खांदा. लाथेनं कलंडलेली घागर. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला न दिलेली ओळख. तेव्हा तिनं ते घाईवर आणि थकव्यावर ढकललं होतं.

घरून आणलेलं संत्रं तिनं सोललं. एक फोड घेऊन हात हळूच त्यांच्या डाव्या गालाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला. देवीदासांना पत्ता नव्हता. फोड तिथंच होती आणि ते समोर पाहून गाडी चालवत होते.

तिनं हात खाली घेतला. "तुमाले बाजूचं दिसत नाई," ती म्हणाली.

"काई बोलू नको."

"कवापासून?"

वायपर घासत राहिला. ते समोर पाहतच म्हणाले, "होळीच्या आधीपासून. समोरचं बरोबर दिसते मले. बाजूचं अंधारून येते."

"अन् तुमी बस चालवून राहिले?"

"चालवूनच राहिलो ना. झालं का काई आजपर्यंत?"

"थांबवा गाडी."

"येथं? डोंगरातून गोटे येऊन राहिले, दिसत नाई तुले?"

ते खरं होतं. वरून लाल पाणी येत होतं आणि त्याच्याबरोबर लहान-मोठे दगड. मागचा रस्ताही तसाच होता. पुढं वळणावर समुद्राकडची कड ढासळून अर्धा रस्ता खाली गेलेला शकुंतलाला दिसला. कडेला असल्यानं त्यांना तो दिसणार नव्हता.

"थांबवा म्हणते मी," ती म्हणाली, आणि दार उघडून एक पाय बाहेर टाकला. देवीदासांनी कचकन ब्रेक मारला.

मागून शांताबाई म्हणाल्या, "डोकं फिरलं काय वो हिचं? एवढ्या पाण्यात?"

"मामी, तुमी पोरीले धरून बसा," शकुंतला सासूला म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. "मी पुढं चालते. माझ्या पाठीवर नजर ठेवा. मी जेथून चालली तेथूनच गाडी आणा. दुसरीकडं पाहू नका."

ती जीपपुढं आली. पदर कमरेला खोचला आणि डोंगराच्या अंगानं चालायला लागली. वारा तिला ढकलत होता. पाठीमागं इंजिनचा आवाज होता, आणि तो जवळ आला की तिच्या मानेवर काटा येई. ढासळलेल्या जागेशी ती थांबली. पायानं रस्ता चाचपला. हातानं डावीकडं, आणखी डावीकडं असं खुणावलं. जीपचं डावं चाक डोंगराच्या नालीत उतरलं, घसरलं, पुन्हा वर आलं. उजव्या चाकाखालची माती सुटून खाली गेलेली विजयाला दिसली. तिनं आजीच्या कुशीत तोंड लपवलं.

अशा रीतीनं ते पुढच्या वाडीपर्यंत आले. एका म्हाताऱ्या बाईनं पडवीत जागा दिली. शकुंतलाचे दात वाजत होते. देवीदासांनी स्वतःचं घोंगडं तिच्या अंगावर टाकलं आणि तिच्यापासून दूर जाऊन बसले.

"घरी गेल्यावर पुंडलिकरावाले सांगा," ती म्हणाली. "नाई तर मी सांगीन."

"अन् खाणार काय?"

"त्या बसनं विजया सौंसरले शाळेत जाते."



सकाळी आभाळ मोकळं होतं. विजयानं बापाचा हात धरून वाळूवर नेलं आणि समुद्राच्या अगदी समोर उभं केलं. तिला आईनं काही सांगितलं नव्हतं. जीपमधलं बोलणं तिनं मागं बसून ऐकलं होतं. देवीदास बराच वेळ तसेच उभे राहिले.

शकुंतलानं अरविंदला निरोप धाडला; त्यानं पाठवलेल्या ड्रायव्हरनं जीप घरापर्यंत आणली. देवीदास सगळा रस्ता मागं बसून होते. पण सोमवारी त्यांनी खाकी सदरा अंगात घातला आणि ते स्टँडवर निघाले. शकुंतलानं वाट पाहिली नाही. ती पुंडलिकरावांच्या घरी गेली, ओसरीच्या पायरीशी उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी बस मोरेश्वर नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरनं नेली.

नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली औषधानं टिकली तर टिकणार होती. पुंडलिकरावांनी देवीदासांना स्टँडवर तिकिटं फाडायला बसवलं. शांताबाई शेजारणींना सांगत, "सुनेनं पोराच्या हातची गाडी काढून घेतली." शकुंतलानं ते ऐकून घेतलं. ती आता तोडणी संपली की कापूस वेचायलाही जायला लागली.

रोज दिवेलागणीला ती औषधाची बाटली घेऊन नवऱ्यापाशी येई. ते मान मागं टाकत, ती थेंब सोडे. उन्हाळा लागेपर्यंत दोघांत कामापुरतंही बोलणं नव्हतं. मग एका संध्याकाळी डोळे मिटलेले असतानाच ते म्हणाले, "आज तुवा हात थरथरून राहिला."

"दिवसभर ओझं वाहून राहिली," ती म्हणाली.

"मंग बस थोडा वेळ," ते म्हणाले, आणि खाटेवर सरकले.