एक स्क्रूड्रायव्हर कमी

घरतकाकांची आणि माझी ओळख आमच्या बिघडलेल्या मिक्सरने करून दिली. खांदा कॉलनीत आम्ही नवे होतो. शेजारचे हे निवृत्त नौदल मेकॅनिक मदतीला आले, मिक्सर दुरुस्त केला आणि निघताना पिशवीतली अवजारं दोनदा मोजली. "आम्ही काय चोर आहोत का, काका?" मी विचारलंच. ते नुसते हसले.

मूळचे जासई गावचे काका विसाव्या वर्षी युद्धात विमानवाहू जहाजावर होते. तिथून उडणाऱ्या लढाऊ विमानाचा युद्धकाळातला इतिहास त्यांनी लिहिला आहे. मी इतिहासाची शिक्षिका, म्हणून शुद्धलेखनाची हमाली माझ्याकडे. पराक्रमावर पुष्कळांनी लिहिलं आहे. काकांनी लिहिलं ते खाऱ्या हवेने गंजणाऱ्या सांध्यांवर, हलत्या डेकवर विमानं साखळ्यांनी बांधणाऱ्या माणसांच्या सोललेल्या हातांवर. ऐकीव गोष्ट त्यांनी एकही येऊ दिलेली नाही.

शेवटचं प्रकरण मी दोनदा वाचलं. दुरुस्तीनंतर अवजारं मोजल्याशिवाय विमान सोडायचं नाही, हा नियम; आत राहिलेलं अवजार विमान वळवायची दांडी अडवू शकतं. त्या दिवशी हल्ल्याची घाई होती आणि काकांनी न मोजताच सही केली. परतताना वैमानिकाचे रेडिओवर शेवटचे शब्द आले, "दांडी हलत नाही." विमान समुद्रात गेलं. शत्रूच्या गोळ्या लागल्या असतील, असं सगळ्यांनी धरलं. संध्याकाळी काकांच्या पेटीत एक स्क्रूड्रायव्हर कमी होता. काका गप्प बसले.

"हे पान गाळू या, काका. आता कुणाला कळणार?" मी म्हटलं. त्याची मला आज लाज वाटते.

"इतिहास शिकवतेस ना गो? नाय गाळायचं."

काकांच्या पंचाहत्तरीचा सत्कार करणाऱ्या आपल्या गौरव समितीनेही तीच विनंती केली. "त्या पानासकट सत्कार करा, नायतर नको," असं काकांनी कळवलं.

मग आम्ही पुण्याला वैमानिकाच्या धाकट्या बहिणीकडे तीन जिने चढून गेलो. काकांनी ते पान उभं राहून वाचलं. "आई शेवटपर्यंत विचारत होती, नेमकं काय झालं," त्या म्हणाल्या. "फार उशीर केलात." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

परतीच्या गाडीत काका म्हणाले, "पुस्तक छापलं का पयली प्रत तिला द्यायला जायाचं हाय."

पुस्तक प्रेसमध्ये आहे. पंचाहत्तरीत पदार्पण करणाऱ्या काकांना उदंड आयुष्य लाभो. ते तीन जिने पुन्हा चढण्याइतकं बळ त्यांच्या गुडघ्यांत राहो, आणि दार उघडायला त्या बाईही असोत.