पुढच्या सभेत

थोरात पाळकसाहेब गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी आमच्या चर्च कमिटीचं इतिवृत्त लिहीत बसलो होतो. महिना होत आला. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही... त्यांच्या अर्जाचा निकाल आम्ही शेवटपर्यंत लावला नाही.

सात-आठ वर्षं झाली. आमच्या गायनमंडळाला शिकवणारा इम्मानुएल एका पुरुषासोबत सापडला म्हणून पोलिसांनी त्याला धरलं. शाळेतली नोकरी त्याच आठवड्यात गेली. मंडळीतलं कुणी ठाण्याकडे फिरकलं नाही. पाळकसाहेब सायकलवर गेले, जामीन राहिले आणि त्याला धरमपेठेतल्या आपल्या घरी घेऊन आले. मग त्यांनी कमिटीला अर्ज दिला. दोन पुरुषांच्या संबंधाला गुन्हा ठरवणारा असाच कायदा विलायतेत बदलावा म्हणून चर्चचीच काही माणसं पुढे झाली होती, हे त्यांनी तिकडून येणाऱ्या मासिकात वाचलं होतं. आपल्या चर्चनंही सरकारला तसं पत्र लिहावं, एवढंच मागणं.

"पण साहेब, आपल्यात हे पाप आहे," मी म्हणालो.

"पापाचं आपण वेदीपुढं पाहू ना गा. त्याले तुरुंगात काहून टाकाचं?"

मी कमिटीचा चिटणीस, विषयपत्रिका माझ्या हातात. अर्जावर मी शेरा मारला, 'पुढच्या सभेत'. दर वर्षी ते नवा अर्ज देत, दर वर्षी मी तोच शेरा मारी. अध्यक्षांनी तसं सांगितलं होतं, हे खरं... पण नसतं सांगितलं तरी मी वेगळं काय केलं असतं? साहेब कधी रागावले नाहीत. "ठीक आहे गा," म्हणत आणि सायकलवर टांग मारून निघून जात. इम्मानुएल शेवटी कंटाळून कुहीला बहिणीच्या धानाच्या शेतावर राहायला गेला. दफनाला तो आला, शेवटचं गीत त्यानंच सुरू केलं. आम्हा सगळ्यांना ते पाठ होतं, तरी दोन कडवी तो एकटाच गात राहिला.

परवा साहेबांच्या पत्नीला भेटायला गेलो. खिडकीपाशी साहेबांची रोजच्या प्रार्थनेची वही अजून तशीच आहे. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचं नाव, पुढे मागणं. बाईंनी ती माझ्यापुढे सरकवली.

"तुमचं नाव तर ते रोजच घेत होते, भाऊ."

इम्मानुएलच्या नावापुढे होतं, 'काम मिळो'. त्याखाली माझं नाव, 'भास्करला धीर मिळो'. पानामागून पान, वर्षामागून वर्ष, तेच. मला रडू आलं नाही, राग आला. स्वतःचा आला, अध्यक्षांचा आला आणि साहेबांचाही आला. भर सभेत माझं नाव घेऊन त्यांनी एकदा तरी माझ्यावर ओरडायचं होतं... देवाले काय सांगत बसले, साहेब? मले सांगाचं होतं.