फेमीच्या घरचं दुखणं

फेमीच्या हातचं सूप गावातल्या प्रत्येक आजाऱ्याच्या पोटात कधी ना कधी गेलं होतं. नेदरलँड्समधलं हे मच्छीमारांचं गाव धर्माला कडक. रविवारी प्रवचनाआधी चर्चचे ज्येष्ठ आजाऱ्यांची नावं वाचतात, सगळे प्रार्थना करतात आणि सोमवारी त्या घरच्या मागच्या दारी सुपाची पातेली येतात. फेमी दिवसभर कारखान्यात मासे साफ करायची आणि घरी येऊन कुणाच्या तरी दुखण्यासाठी गाजरं चिरायची.

तिच्या स्वतःच्या दारात मात्र पातेलं कधी आलं नाही. तिचा थोरला मुलगा रीकेल्ट कोकेनच्या नादी लागला होता. आधी बोटीवरचं काम गेलं, मग बायको पोराला घेऊन माहेरी गेली आणि शेवटी त्यानं आजीच्या स्तोत्रांच्या पुस्तकाची चांदीची कडी उपटून विकली. फेमी ते पुस्तक रबरबँड लावून चर्चला न्यायची. ज्येष्ठ वाचायचे ते एवढंच, "आणि जी घरं गुप्त क्रूस वाहताहेत, त्यांच्यासाठी." गुप्त कसला डोंबलाचा! अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

हे ज्येष्ठ म्हणजे हेस्सेल, तिचे थोरले दीर. वर्षाच्या घरभेटीला ते आले, रिवाजाप्रमाणे पुढच्या दारानं, काळ्या कोटात. फेमीनं कॉफी ओतली आणि उभ्या उभ्याच म्हणाली,

"भाऊजी, सोमवारी रीकेल्टला व्यसनमुक्ती केंद्रात नेतेय. रविवारी त्याचं नाव वाचा."

"फेमी, तो आजार नाही. पाप आहे."

"तुमच्या पित्ताच्या खड्यांसाठी प्रार्थना झाली, तेव्हा डुकराचं तळण कोणी चापलं होतं असं मी विचारलं होतं का?"

हेस्सेलनी कप खाली ठेवला. "येल्ले काय म्हणतो?"

"तुमचा भाऊ शुक्रवारपर्यंत समुद्रावर असतो. घरी आला तरी तिथंच असतो." ती आता कुठे खुर्चीत टेकली. "मी थकले हो, भाऊजी. प्रार्थनेला बसते, पोराचं नाव घेते आणि पुढचा शब्दच सुचत नाही. माझ्या एकटीच्यानं आता होत नाही. बाकीच्यांनी थोडं धरा की."

रविवारी हेस्सेलनी एक मोडलेला पाय वाचला, दोन बाळंतिणी वाचल्या, मग घसा खाकरला. "रीकेल्ट, येल्ले आणि फेमीचा मुलगा. व्यसनातून सुटावा म्हणून." पुढच्या बाकावर पेपरमिंटची पुडी हातोहात फिरत होती, ती मध्येच थांबली. येल्लेनं मान वर केली नाही, पण फेमीच्या हातातलं पुस्तक स्वतःच्या हातात घेतलं.

सोमवारी ती रीकेल्टला सोडून आली. ही तिसरी खेप. दारात तो म्हणाला, "बरा होऊन येतो, आई." ती म्हणाली, "ये." दोघांच्याही बोलण्यात फारसा जीव नव्हता. घरी येऊन तिनं ओटा रिकामा केला, पातेली ठेवायला जागा हवी म्हणून. एकही आलं नाही. मंगळवारीही नाही. बाळंतिणीच्या घरच्या सुपाचा वास मात्र गल्लीभर सुटला होता. फेमीनं संतापून भांडी आपटली, मग रडली, मग नुसती बसून राहिली.

बुधवारी संध्याकाळी मागचं दार वाजलं. हेस्सेल उभे होते, घरातल्या स्वेटरवर, दोन्ही हातांत पातेलं.

"तुझी जाऊ करायला तयार होईना," ते म्हणाले. "मीच केलंय. खारट झालंय."

"भाऊजी, तुम्हाला गाजर तरी चिरता येतं का?"

"नाही. बघशीलच आता."

गाजरं खरंच अख्खी होती. तिनं दोन वाडगे भरले. हेस्सेलची जेवणाआधीची प्रार्थना म्हणजे सूप निवेपर्यंत चालायची, घरातली पोरं त्यावरून त्यांची टिंगल करायची. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले. "हे प्रभू," म्हणाले आणि थांबले. फेमी वाट पाहत राहिली.

"रीकेल्ट," शेवटी ते म्हणाले. त्यापुढे काहीच नाही.

फेमीनं डोळे पुसले. "आमेन," ती म्हणाली आणि चमचा उचलला. सूप अजून गरम होतं.