दुसरी भिंत

इतकी वर्षं लोटली, तरी ती सकाळ आठवली की मी आधी घरात कुणी बघत नाही ना याची खात्री करतो आणि मगच हसतो. घटनास्थळी गेल्यावर कशालाही हात लावू नये, हे पोलिसाला पहिल्या दिवशी शिकवतात. मी हात लावला नाही. मी फक्त सायकल भिंतीला टेकवली, आणि भिंत पडली.

तिथं गेलो का होतो, ते सांगतो. लोकल बोर्ड जाऊन जिल्हा परिषद नुकतीच आली होती. जुन्या प्राथमिक शाळा नव्यानं बांधायला सरकारी अनुदान निघालं होतं. अट एकच, इमारत कोसळलेली किंवा धोक्याची ठरलेली हवी. मी तेव्हा शिरूर तालुक्यात फौजदार होतो. नवा होतो, मिशीला रोज तेल लावत होतो. एके दिवशी ठाण्यावर निनावी अर्ज आला. दौंडच्या हद्दीजवळच्या एका गावची शाळा वाऱ्यानं पडलेली नसून गुरुजी आणि गावकरी यांनी मिळून पाडली आहे, असं त्यात होतं.

निनावी अर्ज हाती आला, की लिहिणाऱ्याला काय हवंय ते आधी पाहावं. इथं ते उघड होतं. शेजारच्या गावानंही अनुदान मागितलं होतं आणि त्या भागात यंदा एकाच शाळेचा नंबर लागणार होता. पण वाईट मनानं दिलेली खबरही खरी निघते. स्टेशन डायरीत नोंद केली, हवालदाराला घेतलं आणि निघालो.

शाळेची पूर्वेची भिंत आणि छप्पर गेलं होतं. पश्चिमेची भिंत ताठ उभी होती, म्हणून तिला सायकल लावली. मी पाठ फिरवली तोच धप्पकन आवाज झाला. धुरळा खाली बसला तेव्हा सायकलीचं फक्त घंटीकडचं टोक दिसत होतं.

"साहेब," हवालदार गंभीरपणे म्हणाला, "पंचनामा एका भिंतीचा करायचा का दोन?"

"दोन्ही पडलेल्या मिळून आल्या असं लिहा."

गावकरी जमले होते. कुणी हसलं नाही. खाकीचा धाक म्हणून हसले नाहीत, असं मी समजलो आणि छाती थोडी पुढं काढली.

पाहणीत दोन गोष्टी खटकल्या. घर कोसळलं की कौलांचा चुरा होतो. इथं कौलं पारावर नीट रचून ठेवलेली होती. फळा, नकाशा, गुरुजींची खुर्ची देवळात सुखरूप होती. वारा इतका सज्जन नसतो. दुसरी गोष्ट हवालदारानं दाखवली. पूर्वेच्या भिंतीच्या कोपऱ्यातल्या पायाच्या दगडावर हळद-कुंकू होतं आणि बाजूला नारळाची करवंटी. दुष्टाव्यानं भिंत पाडणारा माणूस आधी तिची पूजा करत नाही.

जबाब चावडीत घेतले. गुरुजी घामानं भिजले होते. ते सरकारी नोकर. त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला की नोकरी जाणार, आणि शाळा शेजारच्या गावाला मिळणार, हे सगळ्यांना कळत होतं. मी करवंटी टेबलावर ठेवली आणि काहीच विचारलं नाही. चौकशीत गप्प बसणं मला साहेबांनी शिकवलं होतं. घरी ते बायकोकडून आधीच शिकलो होतो.

मेंढरं सोडून शेतीला लागलेले एक म्हातारे आबा शेवटी उठले.

"पाडली म्या. गुरुजींला ठावं न्हाई. ते रविवारी गावाला गेल्ते."

"एकट्यानं पाडलीत, आबा?"

"मी व्हतो संगं," मागून गवंडी चाचा म्हणाले. त्यांचं घराणं तीन पिढ्या गावात गवंडीकाम करत आलेलं. "आबाचं वय बघा साहेब. त्याच्यानं कौल तरी उतरंल का?"

"तू गप रं! माझी नात तिथं बसती. त्या पूर्वंच्या भिंतीतला धोंडा पडला तवा ती पाणी प्यायला उठली व्हती, म्हून वाचली. गुरुजींनी किती अर्ज केलं! वरनं मानूस आला, बघून गेला. म्हनला, पश्चिमंची भिंत मजबूत हाय, डागडुजी करा."

"आन् नारळ?" हवालदारानं विचारलं.

"माझ्या बानं बांधलेली भिंत," चाचा म्हणाले. "मी बिस्मिल्ला केलं, आबानं नारळ फोडला. तिची माफी मागूनच हात लावला, साहेब."

मी कडक आवाजात म्हणालो, "सरकारी मालमत्ता पाडणं गुन्हा आहे."

आबांनी डोळे बारीक केले. "आमी पाडली तो गुन्हा. मंग सकाळी तुमी पाडली, त्याला काय म्हंत्यात वो?"

आता मात्र सगळी चावडी हसली. गुरुजी तेवढे हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "साहेब, तीच एक चांगली म्हणून उरली होती. उद्यापासून पहिलीचा वर्ग त्या भिंतीच्या सावलीत बसणार होता."

सकाळी कुणी का हसलं नव्हतं, ते मला तेव्हा समजलं. मिशीला लावलेलं तेल एकदम चिकट वाटायला लागलं.

मी हवालदाराकडून सकाळचा कागद मागून घेतला, त्यावर काट मारून सही केली आणि पंचांसमोर नवा पंचनामा केला. पूर्वेची भिंत गावकऱ्यांनी उतरवली. नारळासकट सगळं लिहिलं. मग लिहिलं, की मजबूत ठरवलेली पश्चिमेची भिंत फौजदारांनी सायकल टेकवल्यामुळे कोसळली. सबब इमारत धोक्याची होती. स्वतःबद्दलचं ते वाक्य लिहायला मला उरलेल्या पूर्ण पंचनाम्याइतका वेळ लागला.

पुण्याहून वरिष्ठांचं बोलावणं आलं. त्यांनी अहवाल दोनदा वाचला. "सायकलवर कोणी बसलं होतं?"

"नाही, साहेब."

"मग भिंतीची चूक," ते म्हणाले. आबा आणि चाचांना समज देऊन प्रकरण मिटलं, गुरुजींची नोकरी राहिली. अहवालाची प्रत शिक्षण खात्याकडे गेली आणि अनुदान मंजूर झालं. चाचांनी कोपऱ्याला बापाचेच दगड वापरले. आबा रोज घमेलं उचलायला यायचे आणि रोज हाकलले जायचे.

उद्घाटनाला मला सपत्नीक बोलावलं. शाळेपासून चांगलं पन्नास पावलांवर एक खांब रोवला होता. त्यावर खडूनं लिहिलं होतं, 'साहेबांची सायकल इथे लावावी.' शेजारच्या गावचे पाटीलही आले होते. ते कानाशी लागले, "साहेब, आमच्या शाळंलाबी एकदा सायकल टेकवून बघता का?"

चोर, दरोडेखोर पुष्कळ पकडले. त्यांची नावंही विसरलो. पण खाकीची अब्रू चूक झाकून राहत नाही, हे मी त्या कागदावर काट मारताना शिकलो. पहिलीच्या मुली नव्या भिंतीला पाठ टेकून पाढे म्हणत होत्या, तेव्हा माझी छाती पुन्हा पुढं आली. या वेळी मी ती येऊ दिली.

परतताना बायको एसटीत गप्प होती. सायकल बैलगाडीखाली सापडली, असं मी तिला सांगितलं होतं. शिरूर जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, "मला बैलगाडी सांगितलीत आणि सरकारला सायकल. उलटं केलं असतंत, तर ही शाळा झाली नसती."